पाटाचं पाणी

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. आजोबा बंधाऱ्यावर पाटकरी होते. खांद्यावर फावडं, हातात कंदील, रात्र-रात्र पाटावर.

फड म्हणजे काय, हे आता पोरांना सांगावं लागतं. नदीवर दगडी बंधारा, त्याखालच्या जमिनीचे बहुधा चार फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि ते दरसाल फिरायचं. नदीला पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवायचा. बहुतेकांचं वावर प्रत्येक फडात थोडंथोडं, त्यामुळं तोटा झाला तर सगळ्यांचाच. आजोबा म्हणायचे, "पानी सर्वासनं शे, भो." ही रीत तीन-चारशे वर्षांची.

पुढं धुळ्याला शिकताना पुस्तकात वाचलं, की माणसानं निसर्गाचा नाश केला. मला प्रश्न पडला, कोणत्या माणसानं? आमच्या आजोबांनी? सातपुड्यातल्या भिल्लानं? राजवाड्यांच्या नावानं संशोधन मंडळ चालणाऱ्या गावात मी राहत होतो. म्हटलं, सालं तरी बघू. १८१८ ला खानदेश इंग्रजांकडं गेला. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आपला कापूस हवा झाला. त्याच सुमारास रेल्वे आली, तिला लाकूड लागलं. १८७८ च्या कायद्यानं राखीव जंगलं आली आणि जंगलात राहणाराच तिथं चोर ठरला. म्हणजे नाश करणाऱ्याला पत्ता होता, नफ्याचं गणितही होतं. 'मानवजात' म्हटलं की ते सगळं झाकून जातं.

पण सगळं साहेबावर ढकलूनही भागत नाही.

१९७२ साली स्टॉकहोमला जगातले देश पर्यावरणावर बोलायला जमले. त्याच साली महाराष्ट्रात दुष्काळ पडला, आमची माणसं खडी फोडत होती. पुढं विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या, मग बोअर. तिकडं रावेर-यावलला केळीपायी पाणी खोल-खोल गेलं, तसंच इकडंही. आमच्या गल्लीत पहिली बोअर आप्पांनी, माझ्या वडिलांनीच मारली. मला तेव्हा केवढा अभिमान! त्यांनी पाटाच्या साफसफाईला जाणं सोडलं; हळूहळू इतरांनीही सोडलं.

त्याच उन्हाळ्यात शेजारच्या चुलत काकांची विहीर आटली. आप्पांनी दोन महिने त्यांना पाणी दिलं. पण ते दिलेलं पाणी होतं, वाट्याचं नव्हतं. काका न्यायला यायचे ते दिवस मावळल्यावर.