तगर नगरीचे कापड आणि आपण

आपला विणकर समाज उदरनिर्वाहासाठी गावोगाव फिरला आणि त्यातील काही घराणी भिवंडीस कामवारी नदीच्या आश्रयाने स्थिरावली. माग हेच ज्याचे वतन, त्याच्या घरी सनदा वा बखरी असावयाच्या कोठून? म्हणूनच 'आपल्याला इतिहास तो कसला?' असे तरुण मंडळी विचारतात. या प्रश्नाचे उत्तर शोधीत आम्ही धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील वस्तुसंग्रहालय पाहून आलो. तो वृत्तान्त ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

तेर हे तेरणाकाठचे लहानसे गाव. संत गोरोबाकाकांची भूमी म्हणून ते वारकऱ्यांस परिचित आहे. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी तेथे तगर नावाची संपन्न नगरी नांदत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नामक ग्रंथात आपल्या किनाऱ्यावरील बंदरांची माहिती लिहून ठेविली. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असून तेथून साधे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांतून भडोच बंदरी जाते, असे तो सांगतो. आपले शेजारचे कल्याण बंदर त्या मानाने जवळचे. पण त्या काळी राजकीय वैरामुळे तेथील व्यापारास अडथळा झाला होता आणि तेथे आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात नमूद आहे. हे तगर म्हणजे दौलताबाद की जुन्नर, असा वाद विद्वानांत पुष्कळ काळ चालला. अखेर १९०१ साली डॉ. फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर, असे प्रतिपादन केले व ते मान्य झाले.

या नगरीचे अवशेष गावच्या पांढरीत विखुरले होते. ते वेचून जतन करण्याचे कार्य कोण्या राजाने नव्हे, तर गावातीलच एक व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी केले. त्यांचा संग्रह पुढे शासनाकडे आला आणि संग्रहालयास त्यांचेच नाव मिळाले. तेथे भाजल्या मातीच्या मूर्ती, रंगीबेरंगी मणी, शंखाच्या बांगड्या, सातवाहनांची नाणी आहेत. हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती तर अशी की, तिच्यासारखीच मूर्ती इटलीतील पाँपेई येथे, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या नगरात, सापडली आहे.

हे सर्व पाहताना एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. कुंभाराचे खापर टिकले, मणिकाराचा मणी टिकला. परंतु ज्या कापडामुळे तगराचे नाव सातासमुद्रांपलीकडे गेले, ते कापड मात्र काळाच्या उदरात गडप झाले. सूत कुजते. विणकराची साक्ष उरली ती एका परक्या खलाशी व्यापाऱ्याच्या चार ओळींत. त्याने त्या लिहिल्या नसत्या, तर तगरच्या विणकरांची आज कोणास वार्ताही नसती!

तगराचा मान आपल्या प्रांतीही थोर होता. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, मधील शिलालेखाने प्रसिद्ध असलेले अंबरनाथचे शिवालय ज्यांच्या काळचे, ते उत्तर कोकणचे शिलाहार राजे 'तगरपुरपरमेश्वर' हे बिरुद अभिमानाने मिरवीत. राजांनी मूळ नगरीचे नाव बिरुदात जपले. आपण आपल्या व्यवसायाच्या खुणा कोठे जपल्या आहेत?

आज घरोघरचे हातमाग मोडून सरपणात गेले. धोटा, फणी, कांडी, राहाट हे शब्दही नातवंडांस अपरिचित झाले. ज्यांनी खळ देऊन ताणा लाविला, ते हातही थकले आहेत. म्हणून आमची विनंती आहे की, ज्ञातीच्या वास्तूत निदान एक कपाट या वस्तूंसाठी राखून ठेवावे; प्रत्येक कुटुंबाने एक वस्तू द्यावी आणि ती कोणाची, कोणत्या गावची, हे तिच्यासोबत लिहून द्यावे. वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच टिपून ठेवाव्या. तेरच्या एका व्यापाऱ्याने एकट्याने जे केले, ते आपण सर्व मिळून करू शकणार नाही काय? आपली हकिकत लिहिण्यास पुन्हा कोणी ग्रीक व्यापारी येणार नाही. ती आपणच लिहिली पाहिजे.