तारा तुटल्या, पंचायत राहिली

पिंपरीचा इतिहास १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सांगतात. त्याच पिंपरीतल्या भाटनगरच्या कंजारभाट बाईचा इतिहास कुणी सांगायचा?

१८७१ साली इंग्रजांनी कायदा केला : या जमाती जन्मतःच गुन्हेगार. पुढं मुंबई इलाख्यातही तो आला. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड बायापोरांसकट माणसं कोंडली. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. जमात विमुक्त झाली. बाई झाली का?

सरकारनं राखीव जागा दिल्या. पण जातीच्या दाखल्याला पुरावा मागितला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. पालात जन्मलेल्या आजीनं हा कागद आणायचा कुठनं?

आणि लग्नाच्या रात्री नवरीचं कौमार्य तपासणारी जातपंचायत? तिच्या हातातलं हत्यार म्हणजे वाळीत टाकणं. त्याविरुद्धचा १९४९ चा कायदा सुप्रीम कोर्टानं १९६२ त रद्द केला. नवा कायदा झाला २०१६ चा, लागू झाला २०१७ त. मधली पन्नासहून जास्त वर्षं बाई पंचांच्या हवाली!

जानेवारी २०१८ त या चाचणीला विरोध करणाऱ्या पोरांना भाटनगरात मार बसला. त्याच वर्षी नवरात्रात विरोध करणाऱ्या एका पोरीला दांडिया खेळू दिला नाय. ती गप्प बसली नाय. तिनं पोलिसात तक्रार दिली, नव्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला.

सरकारनं कायदा छापला, वापरला तो तिनं. संविधानाचं नाव घेणारे आपण तिच्या बाजूनं साक्षीला उभे राहणार का, सवाल एवढाच हाये.