वस्ती कशी हाय?

राजे-सरदारांनी शहरं कशी वसवली हे शाळेत पाठ करून घेतात. त्या शहरात आमच्या माणसाला खोली कशी मिळाली, हे कुणी लिहून ठेवलं नाही. मी इतिहासाचा पदवीवाला नव्हे. सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. पाळी सुटली की वाचतो. पण एक गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्यातला माणूस दुसऱ्या शहरात जायला निघाला की भाडं किती, पाणी किती वाजता, हे सगळं मागाहून विचारतो. आधी एकच सवाल : "वस्ती कशी हाय? आपली मानसं हायत का तितं?"

या एका सवालाचा इतिहास मी इथं मांडतोय.

गावात हा सवाल नव्हता. महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा ठरलेला. माणूस जन्मायच्या आधीच त्याचा पत्ता तयार. शहरात पत्ता ठरलेला नसतो, तो शोधावा लागतो. म्हणून तर बाबासाहेब गाव सोडा म्हणत. पण शहराचं दार आपोआप उघडतं असं कुणी समजू नये. खुद्द बाबासाहेबांना ते उघडलं नाही.

१९१७ साल. अमेरिका-इंग्लंडात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीवर हजर व्हायला गेले. स्टेशनावर उतरल्यावर पहिला सवाल हाच, जायचं कुठं? हिंदूंच्या हॉटेलात अस्पृश्याला थारा नाही. अखेर एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून राहिले. रोजचं भाडं दीड रुपया. अकराव्या दिवशी दहा-बारा जण काठ्या घेऊन दारात उभे, संध्याकाळपर्यंत चालता हो. दोन दोस्तांची दारं ठोठावली, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही गोड बोलून टाळलं. मग कामाठी बागेत पाचेक तास बसून रात्रीच्या गाडीनं मुंबई. हे त्यांनी स्वतःच्या हातानं इंग्रजीत लिहून ठेवलंय. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं ते १९९० साली पुस्तिका होऊन आलं. नाव बघा! आपल्याच देशात राहायला परवाना मागणारा माणूस.

इथं एक लक्षात घ्या. पदवी, पगार, कोट-पाटलोण सगळं असून खोली मिळाली नाही. म्हणजे "गरिबीमुळं चांगल्या वस्तीत जागा मिळत नाही" हे अर्धंच खरं.

मुंबईत मात्र आमच्या माणसाला जागा सापडत गेली. कशी? १८९६ साली प्लेग आला. त्यानंतर १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, त्यानं चाळी बांधल्या. १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं. त्याच्या बीडीडी चाळी वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला उभ्या राहिल्या. एकूण २०७ इमारती, एकेक खोली १६० चौरस फुटांची. जागा सरकारी, म्हणून जातीचा घरमालक दारात उभा नव्हता. परळच्या ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांनी कितीतरी वर्षं काढली. वस्तीची चौकशी करायला आमच्या अडाणी आज्यानं काय केलं असेल? गावचा कोण कुठल्या चाळीत आहे ते विचारलं, त्याच्या नावाची चिठ्ठी घेतली आणि बोचकं उचललं. एका खोलीत दहा-दहा गडी. पाळी बदलली की अंथरुणावरचा माणूस बदलायचा. पण रात्री कुणी जात विचारून उठवणार नाही, ही खात्री होती.

गिरणीच्या दारातही हाच इतिहास आहे. कापड खात्यात मजुरी जास्त, पण तिथं अस्पृश्याला घेत नसत. धोट्याच्या भोकातून धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि महाराच्या तोंडाला लागलेला धोटा दुसरा तोंडाला कसा लावणार? म्हणून आमचा माणूस रिंग खात्यात, कमी पैशात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या पुढ्यात ठेवला. ज्याला खात्यातच कमी मिळतं, तो खोलीला जास्त कुठून देणार? खातं आणि खोली या एकाच साखळीच्या दोन कड्या आहेत.

ज्या शहरात आपली माणसं नाहीत तिथं दुसरी रीत, जात झाकण्याची. बाबुराव बागूलांच्या १९६३ सालच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' मधला तरुण रेल्वेच्या नोकरीसाठी परक्या गावी जातो, जात लपवून आसरा मिळवतो, आणि जात उघडी पडल्यावर मार खातो. बडोद्यापासून या कथेपर्यंत सेहेचाळीस वर्षं गेली. मधे स्वातंत्र्य आलं, घटना आली. खोलीच्या दाराशी मात्र नाव बदलणं सुटलं नाही.

अमेरिकेतल्या काळ्या भावांनी हीच चौकशी छापून काढली. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला एक पोस्टमन, व्हिक्टर ह्यूगो ग्रीन. त्यानं १९३६ साली 'ग्रीन बुक' सुरू केलं. कुठल्या शहरात काळ्या माणसाला खोली मिळते, कुठं जेवण, कुठं पेट्रोल, याची यादी. तिकडं अशी गावं होती की सूर्य मावळल्यावर काळा माणूस दिसला तर त्याची खैर नव्हती. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाला आणि दोन-तीन वर्षांत पुस्तक बंद पडलं. याच लोकांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ साली आमच्या पोरांनी दलित पँथर हे नाव घेतलं. नाव घेतलं, लढाई घेतली. ती यादी मात्र आमच्याकडं तोंडीच राहिली.

आता कडू गोष्ट. आपल्या माणसांची वस्ती म्हणजे सुरक्षित वस्ती, हेही पुरतं खरं नाही. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळीत पँथरच्या सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या आल्या, आणि दंगल पेटली. ज्या चाळीत बिनघोर झोपायला माणसं आली होती, त्याच चाळी इमारतीच्या नंबरावरून ओळखून झोडल्या गेल्या. १० जानेवारीच्या मोर्चात परळला वरून टाकलेल्या दगडानं भागवत जाधव गेला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं मेली. ७ जुलै २०२० ला दादरच्या राजगृहाच्या आवारात शिरून नासधूस झाली. एकत्र राहिलो तर शेजाऱ्याच्या छळातून सुटका होते, पण चाल करून येणाऱ्याला पत्ता शोधावा लागत नाही. एकटं राहिलो तर उलट. या दोन दगडांमधे आम्ही घर बांधत आलोय.

आणि शहर स्वतः कुणाला धोकादायक म्हणतं? सोलापूरला जा. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला त्यांची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट झाली. माणसं दिवसा गिरणीत राबायची आणि हजेरीला तारेच्या आत. त्यांच्या घामाचं कापड शहरानं अंगावर घातलं, पण माणूस तारेबाहेर दिसला की चोर! ३१ ऑगस्ट १९५२ ला ते विमुक्त झाले. तार गेली, पण वस्तीचं नाव अजून सेटलमेंटच. आज एखादा पांढरपेशा बदलीवर येतो आणि विचारतो, "हा एरिया सेफ आहे ना?" तेव्हा त्याच्या मनात अशाच वस्त्या असतात. आमचा सवाल असतो, आम्हाला कोण मारील? त्याचा सवाल असतो, शेजारी कोण राहील? दोघांच्या तोंडी शब्द एकच, सुरक्षित. पण एकाच्या पाठीत भीती आहे, दुसऱ्याच्या नाकात विटाळ.

कायदा काय म्हणतो? अस्पृश्यतेविरुद्धचा १९५५ चा कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याचं चौथं कलम वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला कुठल्याही वस्तीत घर घ्यायला किंवा राहायला आडकाठी केली तर तो गुन्हा आहे. आता दुसरी बाजू. अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेनं सभासदत्व फक्त पारशी समाजापुरतं ठेवलं होतं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं तो नियम कायदेशीर ठरवला. निकाल अस्पृश्यतेबद्दल नव्हता, हे मला कळतं. पण एका समाजाची भिंत कायद्यात बसली की बाकीचेही विटा घेऊन येतात. आणि मालक तोंडानं जात काढत नाही. तो कशाला काढील? मी स्वतः खोली बघत फिरलोय. कोण म्हणतं "आडनाव काय?" कोण म्हणतं "गाव कुठलं?" एकीनं विचारलं, "घरात मटण शिजतं का?" जात कुणीच विचारली नाही. खोलीही कुणी दिली नाही.

म्हणून दोस्तांनो, आपली तोंडी चौकशी आता कागदावर यायला पाहिजे. नव्या शहरात जाताना दिवसा एकदा आणि रात्री एकदा वस्तीत फिरा. नळावर उभं राहा, कोण कुणाला आधी भरू देतं ते दिसतं. चौदा एप्रिलला तिथं मिरवणूक निघते का आणि कुठल्या गल्लीतून वळवतात ते विचारा. चौकीवर आपल्या माणसाची फिर्याद लिहून घेतात का, हे तिथल्या बाईला विचारा, पुढाऱ्याला नको. आणि जे कळेल ते तारीख घालून लिहा. आज्याची चिठ्ठी हरवली. या वेळी कागद जपून ठेवू, म्हणजे उद्या कोर्टात आणि इतिहासात दोन्हीकडं तो उभा राहील.