सबमॉड्यूल: जिथे ठेवाल तिथेच थांबणारी खूण

आजची गोष्ट माझ्या फजितीपासून सुरू करतो. पहिली नोकरी, शुक्रवारची संध्याकाळ. मी 'गिट पुल' केलं, दोन ओळी बदलल्या, 'गिट अ‍ॅड डॉट' मारलं आणि पुश करून घरी पळालो. सोमवारी कळलं, टीममधल्या ताईने दोन दिवस खपून काढलेला पेमेंटचा बग परत आलाय. तिची फाइल तर मी उघडलीही नव्हती! मग झालं काय?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. लिनक्स कर्नलवाले बिटकीपर वापरायचे. त्याचा फुकट वापर बंद झाला, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने गिट लिहायला घेतलं. 'गिट सबमॉड्यूल' ही कमांड आली २००७ मध्ये, १.५.३ आवृत्तीत.

त्याआधी सबव्हर्जनमध्ये 'एक्स्टर्नल्स' होतं. त्यात आवृत्ती ठरवून दिली नाही, तर दर वेळी दुसऱ्याचा ताजा कोड यायचा. म्हणजे काल चालणारं आज बंद! गिटने उलटा रस्ता धरला. मुख्य प्रोजेक्टमध्ये लायब्ररीच्या एकाच कमिटचा नंबर लिहून ठेवायचा. लायब्ररी कितीही पुढे गेली, तरी तुम्ही तिथेच.

माझा घोळ इथेच झाला. पुल केल्यावर नवा नंबर आला, पण सबमॉड्यूलचं फोल्डर जुन्याच कमिटवर राहिलं. गिटला वाटलं, मीच मुद्दाम मागे गेलोय. 'अ‍ॅड डॉट'ने तो जुना नंबर परत कमिट केला. ताईचं काम गायब!

आणि थांबून राहण्याचीही किंमत असते बरं का. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड उघड झाला. दुरुस्ती १.०.१जी मध्ये लगेच आली. पण ज्यांनी जुनी प्रत स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये बांधून ठेवली होती, त्यांना ती स्वतःच बदलावी लागणार होती.

२०१३ च्या १.८.२ मध्ये 'सबमॉड्यूल अपडेट'ला 'रिमोट' हा पर्याय मिळाला. त्याने ब्रांचवरचा ताजा कमिट येतो. पण तो टेस्ट करून नवा नंबर कमिट करणं आपल्याच हातात.

तेव्हापासून माझी सवय: पुल झालं की 'गिट सबमॉड्यूल अपडेट, इनिट, रिकर्सिव्ह'. मग 'गिट स्टेटस'. आणि 'अ‍ॅड डॉट'? ते त्या सोमवारीच सोडलं. ताईला चहा पाजून माफीही मागितली. चला, भेटू पुढच्या भागात!