मेणबत्तीचे वय

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस चंडीगढच्या वीज-कर्मचाऱ्यांनी संप पुकारला आणि शहराचे मोठे भाग दीड दिवसाच्या आसपास अंधारात राहिले. उच्च न्यायालयाने दखल घेतली, लष्कराच्या अभियंत्यांना पाचारण झाले आणि संप मिटला. हा वृत्तान्त वर्तमानपत्रांत येऊन गेला आहे; तो उगाळण्याचे प्रयोजन नाही. आम्हांस आठवते ती सेक्टर ३२ मधील त्या संध्याकाळची एक साधी गोष्ट. स्वयंपाकघरातील खणातून दोन मेणबत्त्या निघाल्या. एक आम्ही लावली व दुसरी शेजारच्या वृद्ध सरदारजींना नेऊन दिली. ज्योतीकडे पाहत ते म्हणाले, "लो जी, पुराना ज़माना वापस आ गया!"

आम्हीही हसून मान डोलावली. परंतु घरी परतल्यावर मनात आले, की हा 'पुराना ज़माना' नेमका कोणता? आमच्या आजीच्या घरी मेणबत्ती होती काय? समई होती, निरांजन होते, पणती, लामणदिवा आणि मागाहून आलेला कंदील होता. मेणबत्ती मात्र आठवेना. विजेचा दिवा नवा आणि मेणबत्ती पुरातन, अशी आपली सर्वांची समजूत आहे. ती कितपत खरी, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. 'मेण' हा शब्द जुना आहे. संस्कृतातील 'मदन' या शब्दाचा एक अर्थ मधमाश्यांचे मेण असा आहे; त्यापासून प्राकृतात 'मयण' व मराठीत 'मेण' झाले. इकडे पंजाबात म्हणतात ती 'मोमबत्ती', कारण 'मोम' हा फारसी शब्द. म्हणजे मेण महाराष्ट्रास ठाऊक होते. प्रश्न आहे तो त्याचे काय करीत, हा. ओतारी पितळी देवाची मूर्ती आधी मेणात घडवी, तिच्याभोवती मातीचा साचा चढवी आणि मेण वितळवून काढून त्या पोकळीत रस ओती. घरात मेण असे ते कुंकवाच्या करंड्यात. कपाळास मेणाचे बोट लावून त्यावर कुंकू टेकण्याची रीत आमच्या पिढीने आजीच्या कपाळावर पाहिलेली आहे. दिव्यासाठी मात्र तेलच. देशावर करडई-तिळाचे, कोकणात उंडीचे, शिवाय एरंडेल व करंजेल. श्रीमंतांच्या वाड्यांतील हंड्यांतही पाण्यावर तेल घालून वात पेटवीत. ज्या मुलखात तेलबिया मुबलक, तेथे पोळी पिळून मिळणारे थोडेसे मेण जाळून टाकण्याचे कारणच नव्हते.

मग जळत्या मेणाचे दर्शन कोठे होई? एक राजदरबारात. अबुल फजल याने 'आईन-इ-अकबरी'त बादशहापुढे संध्याकाळी बारा पांढऱ्या मेणबत्त्या सोन्यारुप्याच्या शमादानांत लावून आणीत, असे नोंदविले आहे. ही प्रकाशाची गरज नव्हे, हा वैभवाचा विधी होय. दुसरे स्थान ख्रिस्ती मंदिरांचे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, १५३४ च्या तहाने वसई त्यांच्याकडे गेली, आणि चर्चच्या वेदीवरील मेणबत्ती मराठी-कोकणी मुलखाच्या किनाऱ्यावर नित्याची झाली. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली. तेथील ख्रिस्ती समाज मात्र आपल्या चालीरीतींसह राहिला. वांद्र्याच्या मोतमावलीच्या जत्रेत, ८ सप्टेंबरच्या सणाच्या सुमारास, आजही मेणाचे हात, पाय, बाळ, घर विकत मिळते. ज्याचा पाय दुखावला त्याने मेणाचा पाय वाहावा, ज्याला घर हवे त्याने मेणाचे घर. वाहणाऱ्यांत हिंदूही पुष्कळ असतात. नवसाच्या निमित्ताने मेणाशी जडलेला हा संबंध विजेच्या कोणत्याही शोधाने तुटलेला नाही.

खुद्द युरोपातही मधमाश्यांच्या मेणाची बत्ती चर्चच्या व सरदारांच्याच आवाक्यातील होती. गरिबाच्या घरी जळे ती चरबीची बत्ती. ती धूर करी, दुर्गंधी सोडी, उन्हाळ्यात वाके, आणि तिची काजळी घडोघडी कात्रीने छाटावी लागे. अठराव्या शतकात देवमाशाच्या डोक्यातील मेणाची स्वच्छ परंतु महाग बत्ती आली. खरी क्रांती केली ती शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. चरबी म्हणजे ग्लिसरीन व मेदाम्ले यांचा संयोग होय, हे त्याने १८२३ च्या आपल्या ग्रंथात सिद्ध केले. त्यांपैकी घट्ट असे स्टिअरिक आम्ल वेगळे काढता आले, की चरबीचे दोष मागे राहतात. १८२५ मध्ये कांबासेरेस याने पीळ घातलेल्या वातीऐवजी वेणीसारखी विणलेली वात योजली. ती जळताना वाकते, टोक ज्योतीच्या उष्ण कडेत जाते आणि आपोआप जळून जाते. कात्री गेली ती तेव्हा. १८३० नंतर पॅरिसमध्ये द मिलीने या स्टिअरीन बत्त्यांचा कारखाना यशस्वी केला. १८६०-६१ च्या नाताळात मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्तीच्या रसायनावर व्याख्याने दिली, तेव्हा त्याच्या मेजावर असलेली वस्तू ही अशी अगदी अद्ययावत होती. प्रकाशाचे मापही मेणबत्तीवरूनच, देवमाशाच्या मेणाच्या बत्तीवरून, ठरले. जुनी माणसे 'शंभर कँडलचा दिवा' म्हणत ते यामुळेच. म्हणजे विजेचा दिवाही काही काळ मेणबत्तीच्या मापानेच मोजला गेला.

परंतु आपल्या खणातील मेणबत्ती ही देखील नव्हे. ती पॅराफिनची आहे, आणि पॅराफिन येते खनिज तेलातून. स्कॉटलंडच्या जेम्स यंगने कोळशापासून पॅराफिन काढण्याचा हक्क १८५० मध्ये नोंदविला. १८५४ पासून लंडनची प्राइस कंपनी रंगूनहून ब्रह्मदेशाचे तेल नेऊन त्यातून मेण काढू लागली. आपल्याकडे आसामात दिग्बोई येथे १८८९ मध्ये तेल लागले, १९०१ मध्ये शुद्धीकरण कारखाना सुरू झाला, आणि मेणासाठी दिग्बोईचे नाव झाले. कंदिलातील रॉकेल व मेणबत्तीतील मेण ही एकाच विहिरीची भावंडे होत. आता तारखा शेजारी ठेवून पाहा. पॅराफिनची बत्ती १८५० नंतरची. एडिसनचा दिवा १८७९ चा. आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले ते १८८२ मध्ये. तीसएक वर्षांचे अंतर! आपण जिला विजेची आजी समजतो, ती फार तर तिची थोरली बहीण ठरते.

स्वस्त पॅराफिनमुळे मेणबत्ती घरोघर आली, हे उघड आहे. आमचा तर्क असा, की आणखी एक अडचण त्याने दूर केली. चरबीची बत्ती हिंदू घरात येणे कठीण होते; स्टिअरीनमागेही चरबीचा संशय उभाच. खनिज मेणास तो विटाळ नव्हता. तरीही तिला देवघरात समईची जागा मिळाली नाही. तिची नेमणूक झाली ती खणात, काडेपेटीशेजारी, 'दिवे गेले तर' या एका कामासाठी.

स्वतंत्र भारतात या किरकोळ वस्तूस सरकारी दप्तरातही स्थान मिळाले. लघुउद्योगांसाठी काही वस्तू राखून ठेवण्याचे धोरण १९६७ मध्ये सुरू झाले. १९७२ च्या एका आदेशान्वये पॅराफिन मेणाचा पुरवठा, वाटप व किंमत यांवर नियंत्रण आले. छोट्या कारखानदारास मेणाच्या कोट्यासाठी उद्योग खात्याकडे अर्ज करावा लागे, आणि आमच्या वाचकांपैकी काही ज्येष्ठांनी असल्या अर्जांवर शेरे मारलेही असतील. पुढे राखीव वस्तूंची यादी आटत गेली. एप्रिल २०१५ मध्ये तिच्यातील शेवटच्या वीस वस्तू वगळण्यात आल्या; लोणची, काड्यापेट्या, उदबत्त्या यांच्या पंक्तीत मेणबत्तीही होती. राखीव का, तर हा धंदा थोड्या भांडवलात होतो म्हणून. धातूचा दोन फाळ्यांचा साचा, त्यात ताणलेले सूत, वितळलेले मेण ओतणे, पाण्यात निववणे आणि साचा उघडणे, एवढीच त्याची सामग्री.

हाच गुण दुसऱ्या एका दिशेने फलदायी ठरला. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ मध्ये स्थापन झाली. मुंबईस तिच्या केंद्रात अंधांना जे व्यवसाय शिकविले जात, त्यांत मेणबत्त्या करणे होते. दृष्टी गमावलेले भावेश भाटिया तेथे हे काम शिकले आणि महाबळेश्वरात हातगाडीवर मेणबत्त्या विकू लागले. १९९४ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या 'सनराइज कँडल्स'मध्ये पुढे अनेक अंध स्त्रीपुरुषांना काम मिळाले. न पाहणाऱ्याने प्रकाश घडविला, असे काव्य येथे सहज सुचते. ते टाळणे बरे. मुद्दा चरितार्थाचा आहे. साच्याचा स्पर्श, मेणाची ऊब आणि सुताचा ताण बोटांना कळतो, म्हणून हे काम त्यांचे. आणि माल चांगला, म्हणून तो विकतो. योगायोग असा, की महाबळेश्वरचा डोंगर मधासाठीही प्रसिद्ध आहे. तेथील मांघर हे गाव २०२२ मध्ये 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. पोळ्यातील जुने मेण आणि विहिरीतील नवे मेण, दोन्ही त्या एका डोंगरावर भेटतात.

हा इतिहास ध्यानी ठेवला, तर चंडीगढच्या बाजारात मेणबत्ती निवडणे सोपे जाते. पॅराफिन साधारण ५८ ते ६० अंशांस वितळते, मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांस, स्टिअरिक आम्ल ६९ च्या आसपास. येथील जेठात पारा ४० च्या वर चढतो. तेव्हा अडीनडीसाठी आखूड, जाड आणि स्टिअरीन मिसळलेली घट्ट बत्ती घ्यावी. वात मधोमध आहे ना, हे तळाशी पाहावे. सोयाबीनचे मेण अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात पुढे आले. ते मऊ असल्याने काचेच्या पेल्यातच शोभते. मधमाश्यांच्या मेणास मधाचा मंद वास असतो आणि कालांतराने त्यावर पांढुरकी साय धरते. ते फार स्वस्त मिळाले, तर शंका घ्यावी. आणि दिवाळीत अपंगांच्या संस्थांनी मांडलेल्या मेजावर घासाघीस करू नये.

मे २०२५ मध्ये चंडीगढवर पुन्हा अंधार आला; परंतु तो आज्ञेने. भोंगा वाजला आणि वीज असूनही दिवे मालवावे लागले. शेजारचे सरदारजी जिन्यात भेटले. १९६५ व १९७१ च्या रात्री त्यांना आठवत होत्या. आमच्या हाती सवयीने खणातील मेणबत्ती आलेली पाहून ते म्हणाले, "आज नहीं जी, आज यह भी नहीं." आम्ही ती खिशात ठेवली आणि दोघेही जिन्यातच बसून राहिलो. विजेची ही थोरली बहीण त्या रात्री धाकटीबरोबरच गप्प होती.