कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा नव्हे!

कॅसरोल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? प्लॅस्टिकचा, आतून स्टीलचा, पोळ्या गरम ठेवायचा डबा. लग्नात आहेर म्हणून एकाच वेळी तीन-चार येतात, तो. मीही इतकी वर्षं असंच समजत होतो. त्यामुळे अटलांटाला ऑनसाईट असताना एका शुक्रवारी टीममधल्या सिनियर माणसाने "उद्या सकाळी मी सगळ्यांसाठी कॅसरोल आणतो" असं जाहीर केलं, तेव्हा मला वाटलं, डबा ठीक आहे, पण आत काय?

रिलीज वीकांत होता. रात्रभर डिप्लॉयमेंट, पहाटे स्मोक टेस्टिंग. सकाळी साडेसहाला हा गृहस्थ (वय साधारण पंचावन्न, मूळचा अलाबामातल्या माँटगोमेरीचा) टॉवेलमध्ये गुंडाळलेले काचेचे दोन मोठे आयताकृती ट्रे घेऊन हजर. वर सोनेरी झालेलं चीज, आतून वाफ. सतरा-अठरा माणसं होती, सगळी पोटभर जेवली आणि तरी कोपऱ्यात चार तुकडे उरले. मी त्याला विचारलं, "इतक्या सकाळी कधी केलंस?" तो म्हणाला, "काल रात्रीच भरून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. सकाळी फक्त ओव्हन चालू केला."

म्हणजे बघा, बिल्ड रात्री, डिप्लॉय सकाळी. मला पदार्थ तिथेच आवडला.

त्या ट्रेमध्ये होतं काय? तळाला ग्रिट्स, त्यावर परतलेलं पोर्क सॉसेज, दूध घालून फेटलेली अंडी आणि वर भरपूर किसलेलं चेडर चीज. काही घरांत ग्रिट्सऐवजी शिळ्या पावाचे तुकडे घालतात. आता ग्रिट्स म्हणजे काय, असं तुम्ही म्हणाल. याला आपल्याकडे अगदी चपखल शब्द आहे : कण्या. मक्याच्या कण्या. आपली आजी ताकात ज्वारीच्या कण्या शिजवायची, तसा अमेरिकेच्या दक्षिणेत मक्याच्या कण्या पाण्यात किंवा दुधात शिजवून, लोणी आणि मीठ घालून नाश्त्याला खातात. जॉर्जिया राज्याने तर २००२ साली ग्रिट्सना अधिकृत 'राज्यपदार्थ' करून टाकलं.

नंतरच्या दोन-तीन वीकांतांना मी या पदार्थाच्या मागे लागलो. आणि एका ट्रेच्या आत इतका इतिहास भरलेला निघाला की हा लेख लिहायलाच हवा असं वाटलं.

सुरुवात मक्यापासून. मका मूळचा मेक्सिकोचा, साधारण नऊ हजार वर्षांपूर्वी तिथे माणसाने तो लागवडीखाली आणला. तिथल्या लोकांनी एक विलक्षण युक्ती शोधून काढली. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, मग धुऊन वाटायचे. उत्तरेकडच्या काही जमाती चुन्याऐवजी लाकडाची राख वापरत. याने दाण्याचं टरफल सुटतं हे तर झालंच. पण खरी गंमत वेगळी आहे. मक्यात नायसिन नावाचं ब-जीवनसत्त्व असतं, पण ते अशा रूपात अडकलेलं असतं की आपल्या आतड्याला ते घेताच येत नाही. चुना किंवा राख ते मोकळं करते.

कोलंबसानंतर युरोपियनांनी मका जगभर नेला. पण चुना नेला नाही! आपल्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी उचलली, डिपेन्डन्सी तिथेच राहिली. कंपाईल झालं, चाललंही, आणि मग प्रॉडक्शनमध्ये हळूहळू माणसं मरायला लागली. १७३५ मध्ये स्पेनमधल्या गास्पार कासाल या डॉक्टरने मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये एक विचित्र रोग पाहिला. हातांवर, गळ्याभोवती लाल-काळे चट्टे, जुलाब, शेवटी भ्रम आणि मृत्यू. १७७१ मध्ये इटलीत या रोगाला नाव मिळालं, पेलाग्रा. अर्थ, खरखरीत कातडी.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा रोग अमेरिकेच्या दक्षिणेत अक्षरशः थैमान घालायला लागला. कापसाच्या शेतावर खंडाने राबणारी कुटुंबं, गोरी आणि काळी दोन्ही, तीन गोष्टींवर जगत : मक्याचं पीठ, खारवलेली डुकराची चरबी आणि काकवी. भाजीपाला लावायला जमीनच नाही, कारण मालकाला अगदी घराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस हवा. त्यात नवीन गिरण्या मक्याचा अंकुर काढून टाकायला लागल्या. पीठ जास्त टिकायला लागलं, पण होतं ते सत्त्वही गेलं. सुमारे चार दशकांत तीसेक लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि लाखभर माणसं गेली, असा अंदाज दिला जातो. आणि हे कुठे, तर अमेरिकेत!

१९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासाला पाठवलं. हा हंगेरीकडून लहानपणी आलेल्या ज्यू स्थलांतरित कुटुंबातला, न्यूयॉर्कमध्ये वाढलेला. त्या वेळी सगळ्यांची खात्री होती की पेलाग्रा संसर्गजन्य आहे. गोल्डबर्गरने वेड्यांच्या इस्पितळांत आणि अनाथाश्रमांत जाऊन एक साधी गोष्ट पाहिली. तिथे राहणाऱ्यांना रोग होतो, पण त्यांना सांभाळणाऱ्या नोकरांना होत नाही. जंतू असता तर त्याने नोकर-मालक असा भेद केला असता का? (डीबगिंगचा पहिला नियम. कुठे बिघडतं ते सगळेच बघतात, कुठे बिघडत नाही ते आधी बघा.) त्याने मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस आणि कडधान्य वाढवलं. रोग जवळजवळ नाहीसा झाला.

तरी लोकांना पटेना. मग १९१५ मध्ये त्याने मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर उलटा प्रयोग केला. अकरा निरोगी कैद्यांना, सुटकेच्या बदल्यात, काही महिने फक्त मक्याचे पदार्थ, ग्रिट्स, पांढऱ्या मैद्याच्या बिस्किटा, भात, पाक असं दिलं. त्यातल्या सहा जणांना पेलाग्रा झाला. आज असा प्रयोग कुठलीच नीतिसमिती मान्य करणार नाही, आणि करूही नये. पण त्याने स्वतःलाही सोडलं नाही. १९१६ मध्ये त्याने, त्याच्या सहकाऱ्यांनी आणि बायकोनेसुद्धा रुग्णांचं रक्त टोचून घेतलं. पुरुष मंडळींनी तर रुग्णांच्या खपल्यांच्या गोळ्या गिळल्या. कुणालाही काही झालं नाही.

खरा घोळ पुढे होता. गोल्डबर्गर म्हणत होता की रोगाचं मूळ गरिबी आहे, शेतीची पद्धत आहे. दक्षिणेतल्या पुढाऱ्यांना हे झोंबलं. आमच्याकडे उपासमार? बदनामी आहे ही! जंतू सापडला असता तर सगळ्यांची सोय झाली असती, कारण जंतूला जमीन द्यावी लागत नाही. गोल्डबर्गर १९२९ मध्ये गेला. १९३७ मध्ये कॉनराड एल्वेहेमने नायसिन हाच उतारा असल्याचं दाखवलं, आणि १९४० च्या दशकात पिठात आणि ग्रिट्समध्ये जीवनसत्त्वं मिसळायला सुरुवात झाली.

आता तो ट्रे पुन्हा आठवा. ग्रिट्स, त्यावर अंडी, दूध, मांस, चीज. गोल्डबर्गरने अनाथाश्रमातल्या मुलांना जे दिलं, जवळपास तेच. कॅसरोल करणाऱ्या कुणी हे ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. पण ज्या ग्रिट्सवर एकेकाळी माणसं मेली, त्या ग्रिट्सचा हा पोटभर नाश्ता होण्यासाठी हातात दूध-अंड्यांचे पैसे यावे लागले, एवढं नक्की.

आणि हे 'त्यांचं' म्हणून सोडून देऊ नका. पेलाग्रा आपल्या दख्खनच्या पठारावरही होता. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत काम करणाऱ्या डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरिबांमधल्या पेलाग्रावर लिहिलं. ज्वारीतल्या ल्युसिन नावाच्या घटकाला त्यांनी जबाबदार धरलं. त्यावर पुढे बराच वाद झाला. पण चित्र ओळखीचंच : नुसती भाकरी-चटणी, दूध नाही, डाळ नाही. भाकरीचं कौतुक करताना (मीही करतो, हुरड्याचे फोटो टाकतो) त्याबरोबर ताटात आणखी काय होतं, हा प्रश्न आपण विचारतच नाही.

असो. कण्यांचा कॅसरोल झाला कसा, ते आता पटकन. १९१३ मध्ये कॉर्निंगच्या काचेच्या कारखान्यातल्या जेसी लिटलटन या शास्त्रज्ञाने बॅटरीसाठी बनवलेल्या काचेच्या भांड्याचा कापलेला तळ घरी आणला, आणि त्याची बायको बेसी हिने त्यात चक्क केक भाजला. काच तडकली नाही. १९१५ मध्ये पायरेक्स बाजारात आलं. मग घरोघरी फ्रिज आले, १९३४ पासून मश्रूम सूपचे डबे आले, आणि 'रात्री भरा, सकाळी भाजा' हा प्रकार शक्य झाला. पाककृती पसरल्या त्या चर्चच्या आणि महिला मंडळांच्या पुस्तकांमधून. त्यातलं गाजलेलं म्हणजे चार्ल्स्टनच्या ज्युनियर लीगचं १९५० चं 'चार्ल्स्टन रिसीट्स'. अशा पुस्तकांत पाककृतीखाली नाव असायचं घरच्या मालकिणीचं. चुलीपाशी मात्र अनेकदा काळी स्वयंपाकीण उभी असायची, आणि तिचं नाव कुठेच नसायचं.

म्हणून एक नाव इथे मुद्दाम लिहितो : जॉर्जिया गिलमोर. आमच्या सिनियरच्या गावची, माँटगोमेरीची. डिसेंबर १९५५ मध्ये तिथल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, तो ३८१ दिवस चालला. एवढे दिवस हजारो माणसं कामावर जाणार कशी? गाड्यांची व्यवस्था करायची तर पेट्रोल, विमा, दुरुस्ती. पैसा आणायचा कुठून? गिलमोरबाईंनी बायकांना जमवून चिकन सँडविच, पाय आणि केक करून विकायला सुरुवात केली. गटाचं नाव ठेवलं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. कारण पैसे कुठून आले असं कुणी विचारलंच तर खरं उत्तर देता यावं, कुठूनच नाही! मदत करणाऱ्याचं नाव फुटलं तर त्याची नोकरी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. बाईंची स्वतःची गेलीच. १९५६ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरच्या खटल्यात त्यांनी कोर्टात उभं राहून साक्ष दिली : बसवाल्याने भाडं घेतलं, उतरून मागच्या दाराने ये म्हणाला, आणि त्या उतरल्यावर बस घेऊन निघून गेला. मग किंग यांच्याच मदतीने त्यांनी घरात खानावळ काढली.

मार्च १९९० मध्ये, सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला पंचवीस वर्षं झाली म्हणून येणाऱ्या लोकांसाठी त्या चिकन आणि मॅकरोनी-चीज करत होत्या, आणि त्यातच त्या गेल्या. घरच्यांनी तेच जेवण त्यांच्या अंत्ययात्रेला आलेल्यांना वाढलं.

मी हे आमच्या सिनियरला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मी त्याच गावात वाढलो. शाळेत हे नाव एकदाही ऐकलं नाही."

पुण्याला परत आल्यावर एका रविवारी मित्रमंडळींसाठी कॅसरोल केला. बारा माणसांचा हिशोब देतो : दोन वाट्या मक्याचा जाडा रवा आठ वाट्या पाण्यात मीठ घालून मऊ शिजवा. गॅस बंद करून लोणी आणि अर्धं चीज घाला, जरा निवू द्या, नाहीतर अंडी तिथेच शिजतात (माझी शिजली). मग दहा अंडी, दोन वाट्या दूध, परतलेलं सॉसेज. शाकाहारी ट्रेमध्ये सॉसेजऐवजी परतलेले मश्रूम आणि सिमला मिरची. वर उरलेलं चीज. रात्रभर फ्रिजमध्ये, सकाळी १८० अंशांवर तासभर, मध्यभागी सुरी घातली तर कोरडी निघेपर्यंत. आपल्या छोट्या ओव्हनमध्ये दोन खेपा कराव्या लागतात. मी सॉसेज म्हणून गोव्याचं चोरीस घातलं. तेही पोर्तुगीजांकडून आलेलं आणि आता पक्कं आपलं झालेलं, त्यामुळे छान जमलं.

आईने चव घेतली आणि म्हणाली, "कण्याच आहेत की रे या. माझी आई करायची. पण नुसत्या, पाण्यात." आणि मग, जरा थांबून, "दूध कुठं होतं तेव्हा."

मी तिला दुसरा तुकडा वाढला.