उद्या भाऊ येणार : भारतीय दर्शनांतील प्रातिभ ज्ञानाचा वाद

वैशेषिक दर्शनाच्या इतिहासात एक निनावी मुलगी आहे. तिचा भाऊ उद्या येणार आहे असे तिचे मन तिला सांगते. निरोप आलेला नाही, पत्र नाही, अनुमानाला आधार होईल अशी काही खूण नाही. साधारणतः सहाव्या शतकातील प्रशस्तपादाने आपल्या ‘पदार्थधर्मसंग्रहा’त हे उदाहरण दिले आणि पुढे अनेक शतके शास्त्रकार या मुलीविषयी वाद घालत राहिले. ऋषींना भूत-भविष्याचे आणि अतींद्रिय वस्तूंचे जे ज्ञान होते त्याला प्रशस्तपाद ‘आर्ष’ किंवा ‘प्रातिभ’ म्हणतो. ते मुख्यतः ऋषींचे; पण क्वचित सामान्य माणसालाही होते, हे दाखवण्यासाठी ही मुलगी.

ऋषीचे ज्ञान समजावून सांगण्यासाठी घरातल्या मुलीचे उदाहरण घ्यावे, यात बरेच काही साधले आहे. प्रातिभ ज्ञान आकाशातून खाली आणून उंबऱ्यावर ठेवले, की त्याची तपासणी करता येते. ती झालीही, आणि ती फार कठोर होती.

आधुनिक काळात मात्र आपल्या मनात वेगळेच चित्र रुजले. आंरी बर्गसाँने १९०३ साली तत्त्वमीमांसेवरील आपल्या प्रसिद्ध निबंधात ‘इंट्युइशन’ला तत्त्वज्ञानाची खास पद्धत म्हणून पुढे आणले. राधाकृष्णन यांचे ‘अ‍ॅन आयडियलिस्ट व्ह्यू ऑफ लाइफ’ १९३२ साली प्रसिद्ध झाले. त्यात पाश्चात्त्य विचाराचा कल चिकित्सक बुद्धीकडे आणि हिंदू विचाराचा कल सर्जक अंतःप्रज्ञेकडे, अशी मांडणी आहे. स्वतः राधाकृष्णन यांनी बुद्धी आणि अंतःप्रज्ञा एकमेकींच्या वैरिणी मानल्या नाहीत. पण वाचकांच्या स्मरणात राहिले ते सोपे समीकरण : पश्चिमेकडे तर्क, आपल्याकडे साक्षात्कार. वर्गात, व्याख्यानांत, प्रस्तावनांत ते आजही निर्वेधपणे वापरले जाते. माझ्या मते इतिहासाच्या कसोटीवर ते टिकत नाही. अंतःप्रज्ञेच्या दाव्याला सर्वांत निकराचा विरोध याच भूमीवर, संस्कृतात झाला आहे.

हा विरोध करणारा पहिला मोठा पुरुष कुमारिल भट्ट. सातव्या शतकातील हा मीमांसक वेदनिष्ठ होता, नास्तिक नव्हे. म्हणूनच त्याची भूमिका लक्षात घेण्याजोगी आहे. ‘श्लोकवार्तिका’त तो म्हणतो की, प्रत्यक्ष म्हणजे विद्यमान वस्तूशी इंद्रियाचा संबंध. धर्म तर अद्याप घडायचा असतो, तेव्हा तो कोणालाही, योग्यालाही, दिसू शकत नाही. मग योग्याच्या प्रतिभेचे काय? प्रत्यक्षादी प्रमाणांची अपेक्षा न ठेवणारी लौकिक प्रतिभा जशी निश्चयाला पुरेशी नाही, तशीच योग्याचीही नाही, असे त्याचे उत्तर आहे. मुलगी आणि ऋषी यांना प्रशस्तपादाने एका पंक्तीत बसवले होते. कुमारिलाने ती पंक्ती तशीच ठेवली आणि दोघांनाही उठवले!

त्याच्या या कठोरपणामागे मोठा हेतू होता. योग्याला धर्म प्रत्यक्ष दिसतो हे एकदा मान्य केले, की बुद्धाला तो दिसला, महावीराला दिसला, हेही नाकारता येत नाही. वेदाचे प्रामाण्य राखायचे तर माणसाच्या थेट दर्शनाचा दरवाजा बंद करणे भाग होते. अंतःप्रज्ञेचा वाद हा अशा रीतीने अधिकाराचा वाद होता : कोणाच्या शब्दावर समाजाने चालायचे?

पलीकडच्या बाजूला, म्हणजे बौद्धांकडे, योगिप्रत्यक्ष मान्य होते. त्यांच्यावर श्रद्धाळूपणाचा आरोप करणे सोपे होते. पण धर्मकीर्तीने या जागी जी सावधगिरी दाखवली तिला तोड नाही. सत्य वस्तूची भावना परमोत्कर्षाला पोहोचली की तिच्यातून योग्याचे स्पष्ट ज्ञान उपजते, असे तो म्हणतो. आणि लगेच स्वतःच सांगतो की, कामाने, शोकाने, भयाने, उन्मादाने ग्रासलेल्या माणसालाही नसलेल्या वस्तू समोर उभ्या असल्यासारख्या दिसतात. तात्पर्य, दर्शनाचा लखलखीतपणा हा त्याच्या सत्यतेचा पुरावा नव्हे. ज्याची भावना करायची ते आधी प्रमाणांनी शुद्ध ठरलेले असावे लागते. विरहिणीला प्रियकर दिसतो आणि योग्याला आर्यसत्य दिसते. दिसण्याच्या तीव्रतेत फरक नसेलही, फरक आहे तो त्याआधीच्या विचारात. साहित्याच्या अभ्यासकाने तर यावर थोडे थांबायला हवे. ‘उत्कट अनुभूती’ हा शब्द उच्चारला की समीक्षेचे काम संपले असे मानण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे.

भर्तृहरीचा मार्ग निराळा. पाचव्या शतकातील या वैयाकरणाने वाक्याचा अर्थ म्हणजेच प्रतिभा, असे ‘वाक्यपदीया’त सांगितले. सुटी पदे कळूनही जो अर्थ एकदम, अखंड उमगतो, तो ही प्रतिभा. ज्याला ती होते त्यालाही ‘ती ही अशी’ म्हणून दाखवता येत नाही. वसंतात कोकिळाला सूर कोण शिकवतो, पाखरांना घरटे बांधायला कोण शिकवते, हेही तो याच संदर्भात विचारतो. येथे प्रतिभा ऋषीची मिरासदारी उरत नाही. वाक्य समजणाऱ्या प्रत्येकाच्या ती रोजच्या वापरात असते. काव्यशास्त्रातल्या प्रतिभेचा विचार शिकवताना या व्याकरणातल्या प्रतिभेचा उल्लेखही बहुधा होत नाही, हे खटकते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला गंभीरपणे भिडले ते गुरुदेव रा. द. रानडे. ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ (१९३३) या ग्रंथात संतांच्या अनुभवाला त्यांनी ईश्वराचे साक्षात, अंतःप्रज्ञ ग्रहण म्हटले; पण अंतःप्रज्ञा ही बुद्धी, भावना आणि इच्छाशक्ती यांच्या विरोधात नसून या सर्वांच्या मुळाशी असते, असा त्यांचा आग्रह होता. त्या अनुभवाची बौद्धिक आणि नैतिक अंगेही तपासावीत असे ते म्हणतात. हा आग्रह धर्मकीर्तीच्या सावधगिरीपासून फार लांबचा नाही. मात्र कुमारिलाच्या आक्षेपाला तेवढ्याने पूर्ण उत्तर मिळते असे मला वाटत नाही.

ते उत्तर देण्याचा सर्वांत गोड प्रयत्न नवव्या शतकात काश्मिरात जयंत भट्टाने केला होता. ‘न्यायमंजरी’त तो पुन्हा त्या मुलीकडे वळतो. तिच्या ज्ञानात संशय नाही, त्याचे कारण दूषित नाही, त्याचा बाध झालेला नाही. मग ते प्रमाण का नव्हे? कधी बाध होत असेल, तर तेवढ्यापुरते ते अप्रमाण म्हणा. पण दुसऱ्या दिवशी भाऊ खरोखर आला तर काय म्हणाल? योगायोग म्हणून हे झटकून टाकणे त्याला मान्य नाही. आणि सामान्य मुलीला उद्याचे कळत असेल, तर योग्याला ते कळणे अशक्य कसे, असे तो मीमांसकाला विचारतो.

याच ग्रंथात जयंताने आपल्याविषयीही थोडे सांगितले आहे. राजाने त्याला एका निःशब्द जागी बंधनात ठेवले होते, आणि ग्रंथरचनेच्या विरंगुळ्यात तो तेथील दिवस काढत होता.